सूत्र बदलण्याआधी नमुना कुठे ठेवला होता ते विचारा

इन्सुलिन भरलेल्या पीएलजीए (शरीरात विघटन होणारा एक पॉलिमर) नॅनोकणांचा आकार तुमच्या प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटर येतो, बाहेरच्या चाचणी केंद्राच्या अहवालात मात्र 1400, आणि म्हणून मार्गदर्शक पॉलिमरच बदलायला सांगत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. पुण्यातच मी हे भोगले आहे. दुहेरी इमल्शनची कृती, म्हणजे इन्सुलिनच्या पाण्याचे थेंब पॉलिमरच्या द्रावणात आणि ते पुन्हा पाण्यात घोटून कण बनवणे, तुम्हाला ठाऊक असणारच. सूत्राला, म्हणजे कणांच्या घटकांना आणि प्रमाणाला, हात लावण्याआधी, नमुना जमा केल्यापासून मोजणी होईपर्यंत तो कोणत्या तापमानाला होता, हे शोधून काढा.

माझे नमुने ज्या केंद्रात जात (नाव घेत नाही), तेथे कुपीवर ‘2 ते 8 अंश सेल्सिअस, गोठवू नये’ असे ठळक लिहूनही आलेला प्रत्येक नमुना सरसकट उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकला जात असे. उरलेला नमुना परत घेताना हे उघड झाले, कारण हातात आलेल्या कुपीवर हिमाचा थर होता आणि वितळल्यावर आतले सस्पेन्शन (कण तरंगत असलेला द्रव) फाटलेल्या दुधासारखे दिसत होते. ट्रेहॅलोज या साखरेसारखे संरक्षक नसताना सस्पेन्शन गोठले, की बर्फाचे स्फटिक कणांना उरलेल्या थोड्या द्रवात दाटीने ढकलतात, कण एकमेकांना चिकटतात आणि मोजणीत आकार भलताच वाढतो. साठवणुकीचे तापमान अहवालात नोंदवा, या माझ्या लेखी विनंतीवर ‘तसा रकाना नाही’ एवढेच उत्तर मिळाले. फेरतपासणीचे शुल्क मात्र पूर्ण घेतले. अख्खे सत्र त्यात गेले आणि त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही.

आकार बरोबर आला तरी निर्धास्त होऊ नका. डीएलएसला (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याचे तंत्र) आतले प्रथिन, म्हणजे इन्सुलिन, शाबूत आहे की नाही हे दिसत नाही. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी घोटणे) करताना डायक्लोरोमिथेन (पॉलिमर विरघळवणारा द्रव) आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिनाची घडी मोडू शकते, शिवाय पीएलजीएचे विघटन होताना कणाच्या आत आम्लता वाढते. कणांत किती इन्सुलिन गेले हे ठरवताना, कण खाली बसवून वरच्या द्रवात उरलेले इन्सुलिन मोजून एकूणातून वजा करण्याची रूढ पद्धत माझ्या मते फसवी आहे, कारण नळीच्या भिंतीला चिकटलेले इन्सुलिनही कणांत गेले असेच धरले जाते. कण विरघळवून आतले इन्सुलिन थेट एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) तपासावे. लिपिड कणांचा अनुभव मला नाही, त्यामुळे हे सारे पीएलजीएपुरतेच समजावे.

जाता जाता, मे महिन्यात नमुना थर्मोकोलच्या डब्यातून नेताना गोठलेला जेल पॅक कुपीला टेकू देऊ नका, नाहीतर सस्पेन्शन वाटेतच गोठेल. त्याच बॅचची एक कुपी स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि केंद्रात मोजणी होईल त्याच दिवशी तीही मोजा. तिच्यातही कण मोठे निघाले, तरच पॉलिमरचा विचार करा.