प्रोजेक्ट चकाचक, पण मुलांना कळलं का?

प्रश्न: मी आठवीला विज्ञान शिकवते. या वर्षी वर्कशीटच्या जागी मल्टिमीडिया प्रोजेक्ट द्यायला लागले. मुलं हौसेने करतात, अ‍ॅनिमेशन, म्यूझिक सगळं भारी असतं, पण सादर करून झाल्यावर एखादा साधा प्रश्न विचारला की सगळे गप्प. मग उपयोग काय? बंद करू का?

उत्तर: अजिबात बंद करू नका, फक्त कामाचा क्रम बदला. बहुतेक वेळा काय होतं, मुलं आधी स्लाइडचं डिझाइन निवडतात, मग फोटो शोधतात आणि माहिती सगळ्यात शेवटी कुठून तरी कॉपी-पेस्ट करतात, म्हणजे जिथे डोकं लावायचं तेच काम राहून जातं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना मुलं शिकतात, त्यामुळे आधी कागद आणि कॅमेरा नंतर.

विषयही असा द्या की ज्याला हलतं चित्र खरंच लागतं. नुसतं 'चंद्र' म्हटलं की व्यास, अंतर, माणूस कधी उतरला अशी यादी येणार. त्यापेक्षा सांगा, चंद्राच्या कला का दिसतात ते 2 मिनिटांच्या व्हिडिओत दाखवा. पुष्कळ मुलांना, आणि मोठ्यांनाही, वाटतं की पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते. स्लाइडवर ही समजूत छान झाकून जाते, पण अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून, चेंडू हात लांब करून धरून स्वतःभोवती फिरत शूट करायचं म्हटलं की ती उघडी पडते. मोबाइल त्या मुलाच्या डोक्याजवळच धरायचा, कारण आपण पृथ्वीवरून बघतोय. चेंडूचा टॉर्चकडचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो, त्यातला आपल्याला किती दिसतो तेवढंच बदलतं. आणि फिरता फिरता पाठ टॉर्चकडे झाली की डोक्याची सावली थेट चेंडूवर, पौर्णिमेच्या जागी ग्रहण! इथे मुलं हमखास अडकतात आणि मला विचाराल तर सगळ्या प्रोजेक्टमधला हाच क्षण सोन्याचा आहे. चेंडू जरा वर धरला की सावली चुकते, मग कुणीतरी विचारतंच की खऱ्या चंद्राला कोण वर धरतं, आणि चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे हे सांगायला तुम्हाला आयती जागा मिळते. तो फसलेला टेक डिलीट करू देऊ नका, व्हिडिओतच ठेवायला लावा.

आता कागदाचं. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 120-130 शब्द होतात, म्हणजे 2 मिनिटांना 250 शब्द, एका पानात बसतात. हे पान मुलांनी स्वतःच्या शब्दांत वर्गातच लिहायचं, शेजारी सहा-सात चौकोनांत कुठल्या वाक्याला काय दिसणार ते काढायचं, चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल. तुम्ही ते वाचून 'हे तुला कसं माहीत?' असं दोन ठिकाणी विचारलंत की कॉपी केलेलं लगेच कळतं.

म्यूझिकबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बोलणं चालू असताना मागे गाणं नको. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर खूप वर्षं प्रयोग केलेत, आणि विषयाशी संबंध नसलेलं संगीत, चित्रं घातली की शिकणं कमी होतं असं त्यात वारंवार दिसलंय. चित्र दाखवताना स्क्रीनवर लिहिलेलंच जसंच्या तसं मोठ्याने वाचलं तरी तेच. म्हणून पडद्यावर चित्र ठेवा आणि शब्द आवाजातून येऊ द्या.

प्रश्न: आमच्या वर्गात सगळ्यांकडे मोबाइल नाही. मग हे फक्त ज्यांच्याकडे आहे त्यांचंच होणार ना?

उत्तर: घरी करायला दिलं तर नक्की तसंच होणार, म्हणून घरी देऊच नका. चार-पाच जणांच्या गटाला एक मोबाइल पुरतो, आणि लिहिणं, चित्र काढणं, आवाज देणं ही कामं बदलत राहिली की मोबाइल ज्याचा तोच डायरेक्टर असं होत नाही. व्हिडिओ जमत नसेल तर नुसता ऑडिओ करा, किंवा स्थिर फोटोंवर आवाज. ते कमी दर्जाचं काम मुळीच नाही.

प्रश्न: मार्क कशाला द्यायचे? आणि नेटवरचे फोटो वापरले तर चालतात का?

उत्तर: निम्म्याहून जास्त मार्क त्या लिहिलेल्या पानाला आणि व्हिडिओ संपल्यावर गटातल्या कुणालाही विचारलेल्या प्रश्नाला ठेवा. एडिटिंगला थोडेच, नाहीतर ज्याच्या घरी मदत करणारं कोणी आहे तोच जिंकतो. हे मार्कांचं गणित मुलांना सुरुवातीलाच सांगा.

फोटोंचं म्हणाल तर सर्चमध्ये दिसला म्हणून तो फुकट असं नसतं. मुलांनी स्वतः काढलेला सगळ्यात उत्तम. नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सचा, म्हणजे बनवणाऱ्याने काही अटींवर वापरायची आधीच परवानगी दिलेला, शोधायला शिकवा. त्या लायसन्समध्ये 'बीवाय' लिहिलं असेल तर बनवणाऱ्याचं नाव द्यायचं, 'एनसी' असेल तर धंद्यासाठी वापरायचा नाही, आणि 'एनडी' असेल तर त्यात बदल करून पुढे शेअर करायचा नाही. व्हिडिओच्या शेवटी एक क्रेडिटची पाटी टाकायची आणि ती नसेल तर प्रोजेक्ट परत द्यायचा.