युगांडात एचआयव्ही रोखताना धर्मगुरूंची मदत झाली की अडचण?

तुम्ही विचारलंय: "युगांडाने धर्मगुरूंना हाताशी धरून एचआयव्ही आटोक्यात आणला असं ऐकलं. पण चर्चचा तर कंडोमला विरोध. मग जमलं कसं? आणि आपल्याकडे त्यातलं काय घेता येईल?"

जमलं, कारण धर्मगुरूंच्या तोंडून कंडोमचा प्रचार वदवून घेण्याचा हट्ट सरकारने धरला नाही. त्यांना जे सांगता येईल ते त्यांनी सांगावं, कंडोमचं दवाखाने बघतील, आणि कुणी कुणाच्या कामात मोडता घालू नये, अशी ती समजूत होती. ती लेखी नव्हती, म्हणून पुढे मोडलीही.

मुळात युगांडाने आजार लपवला नाही. 1982 च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या राकाई भागात माणसं वाळून वाळून मरू लागली होती. लोक त्याला 'स्लिम' म्हणायचे. 1986 मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले. त्यांनी प्रशिक्षणासाठी क्यूबाला पाठवलेल्या 60 लष्करी लोकांपैकी 18 जण बाधित निघाले, आणि हे त्यांना त्याच वर्षी हरारेच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत खुद्द फिडेल कॅस्ट्रोंनी सांगितलं. सैन्यच पोखरलं जातंय म्हटल्यावर सभा, रेडिओ, शाळा सगळीकडे हाच विषय सुरू झाला.

त्या काळातली घोषणा होती 'झीरो ग्रेझिंग'. दाव्याने खुंट्याला बांधलेली गाय दावं पुरेल तेवढ्याच गोलातलं गवत खाते, तसं आपल्या घराबाहेर चरायला जाऊ नका. यातली मेख बघा. 'एकच बायको करा' असं ती म्हणत नाही. दोन-तीन बायका असलेल्या घरालाही ती लागू पडते, त्यामुळे मशिदीत आणि चर्चमध्ये एकच घोषणा चालली.

सगळ्यात शिकण्यासारखं काम मला युगांडाच्या इस्लामिक मेडिकल असोसिएशनचं वाटतं. 1988 मध्ये मुस्लिम डॉक्टरांनी ती काढली आणि पुढे इमामांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी सुरुवात लैंगिक संबंधांपासून केली नाही. इमामांच्या रोजच्या हातातल्या कामांपासून केली. सुंता करताना एकाच पात्याने ओळीने पाच-सहा पोरं उरकली तर रक्त एकाचं दुसऱ्याला लागतं, म्हणून दर मुलाला नवं पातं. मयताला आंघोळ घालताना पोट हलकेच दाबून अंग आतबाहेर स्वच्छ करतात. हाताला चीर असेल तर धोका, म्हणून हातमोजे. हे इमामांना लगेच पटलं, कारण यात धर्माला धक्का नव्हता, उलट विधी नीट कसा करावा हे कळत होतं. एकदा विश्वास बसल्यावर मग घरोघरी जाऊन नवरा-बायकोशी बोलणं सोपं गेलं. कंडोम त्यांनी सुरुवातीला वगळला होता. बऱ्याच वादानंतर 'जबाबदार वापर' म्हणून तो शिकवण्यात आला, प्रामुख्याने नवरा-बायकोपैकी एकजण बाधित असेल तेव्हासाठी.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढांमधलं लागणीचं प्रमाण साधारण 15 टक्के होतं, ते दहाएक वर्षांत 6 टक्क्यांच्या आसपास आलं. मात्र हे सगळं श्रेय प्रवचनांना देऊ नका. राकाईच्या पाहणीतून 2005 मध्ये पुढे आलं की तिथल्या घसरणीत मृत्यूंचा वाटा मोठा होता. बाधित माणसं मेली की टक्केवारी आपोआप उतरते.

घडी विस्कटली ती 2003 नंतर. अमेरिकेने 'पेपफार' या एड्सविरोधी मदत योजनेतून जगभरासाठी पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर देऊ केले, पण प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश भाग 'लग्नापर्यंत संयम' यावरच खर्चायची अट घातली. त्यामुळे जो पाद्री आधी कंडोमबद्दल नुसता गप्प बसायचा, त्याला आता त्याविरुद्ध बोलण्यातच फायदा दिसू लागला. मकेरेरे विद्यापीठाच्या आवारात कंडोम जाळण्यापर्यंत मजल गेली. त्यातच 2004 मध्ये 'एन्गाबू' हे सरकारी मोफत कंडोम वास आणि दर्जाच्या तक्रारींमुळे मागे घेतले गेले आणि टंचाई झाली. अमेरिकेच्या पैशाची दुसरी अट होती वेश्याव्यवसायाला विरोध लिहून देण्याची. वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत काम करणाऱ्या सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने याच अटीपायी 2005 मध्ये अमेरिकेचा पैसा नाकारला. ज्या बायकांसोबत काम करायचं, त्यांच्याच पोटाविरुद्ध सही कोण करणार?

'संयम आणि निष्ठा' या उपदेशातलं भोक साधं आहे. बाई निष्ठावान असते, नवरा आधीच बाधित असतो, आणि तिची चाचणी होते थेट गरोदरपणात. तिला प्रवचन कामाचं नाही. तिला हवी नवऱ्याची चाचणी, कंडोम आणि औषधं. रोजच्या गोळ्यांनी रक्तातला विषाणू न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून लागण होत नाही. म्हणून आज धर्मगुरूंकडून एकच गोष्ट मागायची असेल तर मी ही मागेन: 'प्रार्थनेने बरा झालास, गोळ्या सोड' असं कुणालाही सांगू नका. युगांडात या एका वाक्याने माणसं दगावली आहेत.

सुंतेचंही अर्धवट ऐकून लोक फसतात. पुरुषाला बाईकडून होणारी लागण सुंतेने साधारण 60 टक्क्यांनी कमी होते. बाईला थेट संरक्षण काही नाही. आणि जखम भरेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, संबंध टाळावे लागतात, नाहीतर धोका उलट वाढतो.

आपल्याकडे करायचं तर लग्नाआधीच्या चाचणीपासून करा, पण बेतानं. 'पत्रिकेबरोबर एचआयव्ही चाचणीही जुळवा' हे ऐकायला बरं वाटतं. मात्र 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, त्यामुळे कुठलंही मंडळ, पंचायत किंवा चर्च ती सक्तीची करू शकत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ती मोफत होते, 1097 वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. अहवाल त्या व्यक्तीच्याच हातात जायला हवा, भटजी-पाद्र्याच्या किंवा सासऱ्याच्या नव्हे. आणि लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अलीकडे धोका घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करायची.