वाचकांचे प्रश्न : तंबूंना अन्न द्यावे की जागा?

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून सध्या मुलाकडे अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंड येथे राहते. घराजवळच्या चर्चच्या आवारात बेघर लोकांनी तंबू टाकले आहेत. आमच्या मंडळातील काही भगिनींना तेथे दर रविवारी जेवण पोहोचवावेसे वाटते. इतरांच्या मते हा धर्मांतराचा मार्ग असून आपण त्यापासून लांब राहावे. आपला सल्ला काय?
– एक वाचक

उत्तर : जेवणाआधी प्रवचन ऐकवणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्याविषयीची तक्रार रास्तही आहे. (आपल्याकडेही महाप्रसादाआधी आरतीला थांबावेच लागते, हे ओघाने आले.) मात्र सिएटल परिसरातील या फिरत्या वसाहतींची रीत वेगळी आहे. तुमच्या भागातील ‘टेंट सिटी ४’ ही वसाहत २००४ मध्ये बॉथेलच्या सेंट ब्रेंडन या कॅथलिक चर्चच्या आवारात होती. पुढे इतर पंथांच्या चर्चनी आणि बेलव्ह्यूच्या एका ज्यू प्रार्थनामंदिरानेही तिला जागा दिली. तंबू मिळण्यासाठी प्रार्थनेला बसण्याची अट नसते. दारू, अमली पदार्थ आणि शस्त्रे यांना बंदी असते, प्रवेशद्वाराशी टेबल मांडून रहिवासीच आळीपाळीने रात्रंदिवस पहारा देतात आणि काही महिन्यांनी सगळा पसारा आवरून पुढच्या यजमानाकडे जातात. वारीच्या वाटेवरील गावे दिंडीला मुक्कामाची जागा देतात, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की वारकऱ्याला परतायला घर असते.

म्हणूनच मंडळाने अन्नाच्या आधी जागेचा विचार करावा, असे मला वाटते. शिजवलेले अन्न आणून देणारे पुष्कळ भेटतात, आवार उघडून देणारे थोडे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात, सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा शहरांना दिल्यापासून खासगी आवाराचे मोल आणखी वाढले आहे. सिएटल ज्यात येते त्या वॉशिंग्टन राज्यात त्याला कायद्याचे पाठबळही आहे. वुडिनव्हिल शहराने एका चर्चला तंबूंसाठी परवानगीचा अर्जच करू दिला नव्हता, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चर्चच्या बाजूने निकाल दिला. २०१० मध्ये विधिमंडळाने धार्मिक संस्थांचा हा हक्क कायद्यात घातला आणि २०२० मध्ये त्याची व्याप्ती वाढवून छोटी तात्पुरती घरे व गाडीत राहणाऱ्यांसाठी वाहनतळ यांचाही त्यात समावेश केला. हा कायदा केवळ चर्चपुरता नाही. मान्यताप्राप्त आणि स्वतःच्या ताब्यात जागा असलेल्या मंदिरालाही तो लागू होतो. मोठे वाहनतळ असलेल्या मंदिराच्या विश्वस्तांना हे अवश्य दाखवावे, कारण दहा जागांमागे एक गाडी इतकी सोय शहराला नाकारता येत नाही. मात्र त्या लोकांना शौचालय खुले ठेवावे लागते. तंबूंना जागा द्यायची असेल तर आधी शेजाऱ्यांची खुली सभा घेणे बंधनकारक आहे. त्या सभेत कडू बोल ऐकावे लागतील.

विश्वस्तांचा निर्णय होईपर्यंत रविवारचे जेवण जरूर सुरू करा. चर्च कोणाचे, याने त्यात काही बिघडत नाही. आधी यजमान चर्चकडे चौकशी करून जेवणाच्या वेळापत्रकात मोकळा दिवस मागून घ्यावा, म्हणजे एकाच संध्याकाळी तीन घरांचे डबे येऊन उरलेला आठवडा कोरडा जाणार नाही. अनेकांचे दात गेलेले असतात, त्यामुळे मऊ मुगाची खिचडी चालते, कडक चकली नव्हे. तिखट बेताचे असावे. शेंगदाणे किंवा काजू घातले असतील तर डब्यावर ठळक लिहावे, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते. तंबू ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर उभारलेले असतात, तरी नोव्हेंबरच्या पावसात सगळे भिजतेच. त्या दिवसांत जेवणासोबत कोरडे मोजे, ताडपत्री आणि बसभाड्याची कार्डे नेली तर अधिक उपयोग होईल. वसाहतीचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. तेथील काही जण सकाळी नोकरीला जातात आणि आपण कोठे राहतो हे त्यांनी कामावर सांगितलेले नसते.