मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलंय, पण हात धजावत नाही. कुणी घेतंय का?

तुम्ही लिहिलंय, वय 41, मधुमेह आठ वर्षांचा, दोन गोळ्यांच्या तीन झाल्या तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, 8.8. डॉक्टरांनी टिर्झेपेटाइडचं पेन लिहून दिलं, तुम्ही ते आणून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि पुढे काही होईना. शिवाय सासूबाईंना काय सांगायचं, हाही प्रश्न आहेच. माझं पेनसुद्धा पाच दिवस फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे पडून होतं, म्हणून लिहायला बसले.

मी नाशिकला घरगुती केटरिंग करते. मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, दीडशे पानांपर्यंतची कामं. वय 54, साखर तेरा वर्षांपासून. पहिलं इंजेक्शन 2025 च्या घटस्थापनेला घेतलं, सोमवारी रात्री. वार मुद्दाम निवडला होता, ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, आचारी आहे, हे धरून वाचा.

सुईचं आधी उरकते, कारण त्यात फारसं काही नाहीच. सुई 4 मिलिमीटरची. साखर बघायला बोटाला टोचतो ना, त्याच्या निम्मंही दुखत नाही. पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून किंवा मांडीला घ्यायचं, दर वेळी जागा थोडी बदलायची. दर वेळी नवी सुई लावायची आणि आधी थोडं औषध हवेत सोडून सुई चालू आहे ना ते बघायचं. इथे माझा घोळ झाला. बटण दाबतेय, दाबतेय, थेंब काही दिसेना. आमचे हे भिंग लावून माहितीचा कागद वाचत होते, ते सावकाश म्हणाले, ‘अगं, आतलं टोपण काढलंस का?’ सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आत एक चिमुकलं. ते चिमुकलं मी काढलंच नव्हतं. ते काढलं, पुन्हा थेंब बघितला, पोटाला लावलं, बटण दाबून पाचपर्यंत मोजलं. झालं. पाच दिवस कशाला घाबरत होते, असं वाटून हसूच आलं.

खरं तर भीती सुईची नव्हतीच. आमच्या घरात सुई म्हणजे आई. स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची, त्या पाण्याचा वास अजून नाकात आहे. तिला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. ती गेल्यावर नातेवाइकांत एकच वाक्य फिरत राहिलं, ‘सुई लागली आणि मग काही ती राहिली नाही.’ सुई उशिरा लागली हे कुणी म्हणालं नाही. ते कळायला मला स्वतःला साखर व्हावी लागली.

आणि हे टिर्झेपेटाइड म्हणजे इन्सुलिन नव्हे. आपण जेवलो की आतडी दोन संप्रेरकं सोडतात, जीएलपी-1 आणि जीआयपी. ती स्वादुपिंडाला कळवतात की जेवण आलंय, इन्सुलिन सोड. हे औषध त्या दोघांचं काम करतं. साखर चढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनसाठी जोर लावतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोचवतं. माझा भाचा फार्मसी शिकतो. तो म्हणाला, या घराण्यातलं पहिलं औषध, एक्सेनाटाइड, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका पदार्थावरून बेतलेलं होतं, अमेरिकेत 2005 साली मंजूर झालं. मी म्हटलं, म्हणजे घोरपडीची लाळ टोचून घेऊ होय रे? नाही, तेही कारखान्यातच बनायचं आणि हेही बनतं, सरड्याला कुणी हात लावत नाही. पण सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या असतील तर एवढा भाग त्यांना वाचून दाखवू नका.

बदलते ती भूक. पहिला आठवडा काहीच वाटलं नाही, औषध बनावट तर नाही ना अशी शंका आली. दुसरं इंजेक्शन घेतलं, दुसऱ्या दिवशी अष्टमी. उपवासाची ऑर्डर होती, साबुदाणा वडे. कढईत पहिला घाणा सोडला, तेलाचा वास वर आला, आणि पोटातून कोरडी उबळ आली. तीस वर्षं ज्या वासानं मला भूक लागायची, त्या वासानं मी झारा मावशींच्या हातात देऊन गॅलरीत पळाले. मावशी माझ्याकडे बारा वर्षं आहेत. त्या दिवसापासून मीठ त्या चाखतात.

म्हणूनच वार विचार करून ठरवा. टोचल्यावर पहिले एक-दोन दिवस जोर जास्त जाणवतो, निदान मला तरी. माझी कामं शनिवार-रविवारी, म्हणून सोमवारी रात्री घेते. मंगळवार-बुधवार मऊ भात, मुगाचं वरण आणि फोडणीपासून लांब. तुम्ही शाळेत शिकवता म्हणालात, तर शनिवार बरा पडेल. नंतर वार बदलता येतो, फक्त दोन इंजेक्शनांत निदान तीन दिवसांचं अंतर हवं. एखादं चुकलं आणि चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं, त्याहून उशीर झाला तर ते सोडून पुढच्या ठरल्या वारी. दोन एकदम कधीच नाहीत.

आपल्याकडे ढेकर आली की जेवण झालं म्हणतात. इथे ढेकर यायच्या आत थांबायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, लक्ष्मीपूजनाला शिकले. 2.5 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं झाली की 5 मिलिग्रॅम सुरू होतं. माझं ते नेमकं नरकचतुर्दशीला आलं. दुसऱ्या दिवशी आपल्या हातचा फराळ आपण खाल्ला नाही असं कसं, म्हणून दोन करंज्या, एक चकली, वर चिवडा. भूक नव्हतीच, डोळ्यांनी खाल्लं. संध्याकाळी बाहेर आरती चालू आणि मी न्हाणीघरात पाटावर बसून उलट्या करतेय. तळलेलं आणि गोड एकदम, तेही डोस वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही करू नका.

आता मी ताटाऐवजी ताटली घेते. आधी उसळ, अंडं किंवा दही, मग भाजी, मग भाकरी, जागा उरली तर भात. भातापासून सुरुवात केली तर चार घासांत पोट भरतं आणि कडधान्यं राहून जातात. मग वजन उतरतं खरं, पण त्यात अंगातली ताकदही जाते. पहिल्या महिन्यात जिना चढताना मांड्या थरथरायच्या त्या यामुळेच असणार. पाणी दिवसभर घोट-घोट. बद्धकोष्ठ होतं, रात्री इसबगोल चालतं. मधले काही दिवस सडक्या अंड्यासारख्या ढेकरा येतात, त्यावर उपाय एकच, कमी खाणं. मात्र उलट्या-जुलाब थांबत नसतील तर घरी ताक पीत बसू नका. अंगातलं पाणी गेलं तर मूत्रपिंडावर येतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. तुमच्या तीन गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का, ते आज बघा. हे इंजेक्शन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन सोबत असेल तर जाते. मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ती गोळी 2 ची 1 मिलिग्रॅम करून दिली होती. घरात 2 च्या चार स्ट्रिप शिल्लक. टाकायच्या कशाला? संपवू या. भाजीची देठंसुद्धा वाया न घालवणारी बाई मी!

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली मोठी ऑर्डर, साखरपुडा, सव्वाशे पानं. सकाळी गोळी घेतली, पोह्यांचे दोन घास खाल्ले, पुढे भूकच लागली नाही म्हणून काही खाल्लं नाही. साडेअकराला मसालेभाताला दम देताना कपाळावर घाम आला. भट्टीजवळ घाम यायचाच. मग झाकण उचलताना हात थरथरला, आणि समोर उभ्या मावशींचं नाव मला आठवेना. बारा वर्षांची माणसं, आणि नाव आठवेना! मावशींनीच पिशवीतून साखरेचं मशीन काढलं. 58. शेजारच्या गॅसवर जिलेबीचा पाक तयार होता, त्यांनी वाटीत काढून पाणी घातलं आणि माझ्या तोंडाला लावला. मी हात जिलेबीकडे नेला तर त्यांनी चापट मारली. बरोबरच होतं, तळलेल्यातली साखर उशिरा चढते, नुसतं साखरेचं पाणी लवकर लागू पडतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, 84. मग दहीभात. पंगत वेळेवर बसली, मसालेभात मात्र तळाला लागला होता, ते वरवर काढून निभावलं. डॉक्टरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड बंदच केली. तीन चमचे साखरेच्या पुड्या आता माझ्या पर्समध्ये, एप्रनमध्ये आणि टेम्पोत असतात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना या गोष्टी न विसरता सांगा. रक्ताच्या नात्यात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध देत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, तेही. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, साखर झपाट्यानं उतरली की आधीचा त्रास वाढू शकतो. मला दृष्टी स्पष्ट असूनही पाठवलं होतं. तुम्ही 41 च्या, म्हणून हेही लिहिते: मूल नको म्हणून गोळ्या घेत असाल तर सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे त्यांचा भरवसा धरू नका, दुसरं साधन वापरा. मूल हवं असेल तर हे औषध नाहीच. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगा, उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं. आणि पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन पाठीत गेली, थांबेना, तर त्याला गॅस समजून ओवा खात बसू नका, सरळ दवाखाना.

पैसे. मी सुरू केलं तेव्हा पहिलं पेन 13-14 हजारांच्या घरात, पुढच्या ताकदीचं 16-17 हजार. एका पेनात महिन्याची चार इंजेक्शनं. माझ्या व्यावसायिक सिलिंडरांवर महिन्याला जातात जवळपास तेवढे. मेडिक्लेममध्ये माझं तरी बसलं नाही. थांबवलं की भूक परत येते आणि साखरही, म्हणून ‘दोन महिने घेऊन बघू’ या हिशेबानं सुरू करू नका. वर्षभर झेपेल का ते घरात बसून आधी मांडा. नाही झेपलं तर तसं डॉक्टरांना सांगायला लाजू नका, स्वस्त इन्सुलिन आहे, ते काही कमी प्रतीचं औषध नाही. चार इंजेक्शनं झाली की पेनात थोडं औषध दिसत राहतं. पातेलं खरवडून घेणारी माणसं आपण, माझाही हात शिवशिवला होता. ते सिरिंजनं काढून घ्यायचं नसतं, पेन टाकून द्यायचं.

पेन फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरला चिकटून नको. एकदा गोठलं की फुकट गेलं. वापरलेल्या सुया मी फिनाइलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकते आणि भरली की पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊन देते. साध्या कचऱ्यात टाकल्या तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात जातात.

माझं म्हणाल तर एचबीएवनसी 9.2 होतं, जानेवारीत 7.1 आलं. वजन 79 चं 72. तुमचं असंच होईल असं नाही. माझ्या नणंदेला दुसऱ्याच महिन्यात उलट्यांनी सोडावं लागलं.

राहिल्या सासूबाई. पंगतीत, हळदीकुंकवात, आग्रहाच्या ठिकाणी मी सरळ ‘पित्त झालंय’ म्हणते. आपल्याकडे पित्ताला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. घरात मात्र हे चालणार नाही, कारण ताट वाढणार त्या, आणि निम्मं ताट परत आलं की त्यांना वाटणार आपल्या हाताला चव राहिली नाही. माझ्या मावशींनाही पहिले आठ दिवस असंच वाटत होतं. तर या शनिवारी घ्यायचं ठरलं असेल, तर शुक्रवारीच त्यांना सांगा, पेन दाखवा, आणि रविवारी मऊ भात त्यांनाच लावायला सांगा.