दाखल्यांचे ओझे आणि खर्चाचा हिशेब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत शासकीय कागदपत्रांचा जाच आणि शासकीय पैशाची नासाडी हे दोन विषय इतक्या ठिकाणी आले आहेत की संपूर्ण स्तंभ त्यांनाच देणे योग्य वाटले. ज्यांतील अडचण अनेकांची आहे अशी पाच पत्रे निवडली असून प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर तीसपेक्षा जास्त नावे आहेत. त्यांतील काही जण हयात नाहीत, बहुतेकांचे बिऱ्हाड मुंबईत आहे आणि जमीन प्रत्यक्षात मी एकटाच कसतो. काजूची कलमे लावण्यासाठी अनुदान मागितले, तर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र आणा असे सांगितले जाते. ते मला जमणारे नाही. असा नियम शासन का ठेवते?
— एक बागायतदार, राजापूर तालुका

उत्तर : सामाईक सातबारा हे कोकणातल्या शेतीचे जुने दुखणे आहे, आणि आपण विचारलेला प्रश्न जवळजवळ प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी विचारत असतो. नियमामागचा हेतू चुकीचा नाही. अनुदानाची झाडे ज्या जमिनीत लावायची ती अनेकांच्या मालकीची असेल, तर उद्या एखाद्या भावकीतल्या माणसाने हरकत घेतल्यावर वाद उभा राहतो, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून अधिकारी आणखी एक कागद मागून स्वतःपुरता मोकळा होतो. त्याच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या एका कागदाचा खर्च कोण सोसतो, याचा विचार नियम लिहिताना झालेला दिसत नाही. मुंबईच्या खेपा, बुडालेली मजुरी, नोटरीचे पैसे, दुरावलेल्या नातेवाइकांची मनधरणी आणि एवढे करून हुकलेला पावसाळा, म्हणजेच लागवडीचे एक पूर्ण वर्ष, हा सगळा खर्च खरा आहे. तो राज्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात मात्र येत नाही. शासनाचा वाया गेलेला रुपया निदान महालेखापरीक्षकांच्या अहवालात येऊ शकतो. नागरिकाचा वाया गेलेला दिवस कोठेही लिहिला जात नाही, आणि नियमांचा अतिरेक होतो तो माझ्या मते याच कारणाने.

कोकणाचे वेगळेपण शासनाला ठाऊक नाही असेही म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत उर्वरित महाराष्ट्रासाठी कमाल ६ हेक्टर, तर कोकणासाठी १० हेक्टर अशी लाभाची मर्यादा ठेवण्यात आली. क्षेत्राच्या बाबतीत कोकण वेगळे मानले गेले, पण संयुक्त खातेदारांच्या संमतीपत्राची अट सर्वत्र सारखीच राहिली. आणि जिथे एकेका सातबाऱ्यावर तीन-तीन पिढ्यांची नावे आहेत, तिथे ती सर्वांत जड पडली. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या कार्यक्रमाने कोकणच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर आंबा आणि काजू उभा केला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे कोकणी शेतकऱ्याला दिलेले अनुदान वाया जाते, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

आपण प्रथम मयत सहहिस्सेदारांच्या वारसांच्या नोंदी करून घ्याव्यात. त्यासाठी महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो. तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबारा असा अद्ययावत झाला की जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्वांच्या संमतीने वाटप मागता येते. संमती झाली नाही तर दिवाणी न्यायालयाची वाट उरते. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान हिस्से वेगळे करण्यालाही मर्यादा येतात. हा मार्ग लांबचा आहे, हे मी लपवत नाही.

मात्र याच पद्धतीत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मालकी हक्काच्या नोंदीसाठी जर नोटीस आणि १५ दिवसांची हरकतीची मुदत पुरेशी मानली जाते, तर झाडे लावण्यासाठी तीच पद्धत अपुरी का ठरावी? कसणाऱ्याचे हमीपत्र घ्यावे, सातबाऱ्यावरील पीक पाहणीची नोंद तपासावी, ग्रामपंचायतीत नोटीस लावावी आणि मुदतीत हरकत आली नाही तर अनुदान द्यावे. हरकत घेणाऱ्याने पुढे यावे. तीस उंबरठे कसणाऱ्याने झिजवू नयेत. हा ठराव आपल्या ग्रामसभेत मांडून कृषी विभागाकडे पाठवावा, अशी माझी आपल्याला आणि अशा अडचणीतल्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे.

प्रश्न : मी घरी आमसुले, कोकम आगळ आणि फणसपोळी करून विकते. अन्न परवाना, उद्योग नोंदणी, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, वेष्टनावरचा मजकूर असे एकामागून एक सांगितले जात आहे आणि एजंटने सर्व मिळून काही हजार रुपये मागितले आहेत. एवढ्या लहान धंद्याला हे सगळे लागते का?
— एक गृहउद्योजिका, गुहागर तालुका

उत्तर : यातले काही लागते, पण त्यासाठी एजंट लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याखालील २०११ च्या नियमावलीने वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने आणि विनामूल्य होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर वैधमापन नियमांनुसार असावा लागतो. अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांकही तिथेच छापावा.

हे नियम मी निरर्थक मानत नाही, कारण आपले आगळ पुण्यातले मूल पिणार आहे आणि ते कोणी, केव्हा बनवले हे त्याच्या आईला कळले पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. एकच नाव, एकच पत्ता आणि एकच आधार क्रमांक प्रत्येक खात्याला स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या नमुन्यात द्यावा लागतो. मोठ्या कारखान्यात यासाठी पगारी माणूस असतो; आपल्या घरात तोच वेळ कोकमे फोडण्याचा आणि वाळवण्याचा असतो, आणि तो हंगाम मृगाच्या आधी संपतो. म्हणून समान दिसणारा नियम लहानावर अधिक भार टाकतो आणि एजंटाचा धंदा त्यावरच चालतो.

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गाचे काम आमच्या मुलांच्या शाळेपासून त्यांच्या नोकरीपर्यंत चालू आहे. या वाया गेलेल्या पैशाचा जाब सामान्य माणूस कोणाला विचारू शकतो?
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : आपला संताप रास्त आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कंत्राटदारांच्या अडचणी, रद्द झालेली कंत्राटे, नव्या निविदा आणि वाढलेल्या किमती यांतच दशकाहून अधिक काळ गेला. आपल्याच शहरात बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी पडला. पुढच्या वर्षी तिथे नवा पुतळा उभारावा लागला, म्हणजे एकाच कामासाठी जनतेने दोनदा पैसे मोजले.

हेच काम वेळेत होऊ शकते याचाही पुरावा याच रस्त्यावर आहे. महाडजवळील सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एसटीच्या बसगाड्यांसह अनेक जीव गेले. तिथला नवा पूल काम सुरू झाल्यापासून १६५ दिवसांत पूर्ण झाला. नदी तीच आणि नियमही तेच होते. फरक एवढाच की त्या पुलावर सर्वांची नजर होती आणि तारीख ठरलेली होती. शासकीय नासाडी म्हटले की आपल्याला चोरी आठवते, पण विलंब ही त्याहून मोठी नासाडी असू शकते, कारण तिच्यात कोणीही गुन्हेगार ठरत नाही.

महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते, परंतु तो पैसा खर्च झाल्यानंतरचा मार्ग आहे. आपल्या हातातला मार्ग माहिती अधिकार कायदा २००५ हा आहे, आणि त्यातील एक तरतूद लोकांना फारशी माहीत नाही. या कायद्यात केवळ कागदांच्या प्रती नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. १० रुपये शुल्क भरून आपल्या गावालगतच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि दोषदायित्व कालावधी मागावा. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास प्रथम अपील करावे. दोषदायित्वाचा कालावधी संपण्यापूर्वी खड्ड्यांची लेखी तक्रार नोंदवली गेली, तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते, तिजोरीच्या नव्हे. ही एक गोष्ट प्रत्येक गावाने केली तरी पुष्कळ पैसा वाचेल.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्याच्या नियमांमुळे आम्हाला घर दुरुस्त करणेही कठीण झाले आहे. हे नियम रद्द करावेत असे आपल्याला वाटत नाही का?
— एक मच्छीमार, वेंगुर्ले तालुका

उत्तर : नाही, वाटत नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. तिने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आणले, म्हणून आज आपल्या किनाऱ्यावर वाळूचे दांडे आणि कांदळवने शिल्लक आहेत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन आणि दापोलीच्या किनाऱ्याची काय दशा केली हे पाहिल्यावर समुद्रालगत मोकळी जागा कशासाठी हवी, हे वेगळे सांगावे लागू नये.

ओझे होते ते नियमाच्या अस्थिरतेचे. १९९१ च्या अधिसूचनेत वारंवार दुरुस्त्या झाल्या, २०११ मध्ये नवी आली, १८ जानेवारी २०१९ ला आणखी एक आली, आणि नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत जुनेच नियम लागू राहिले. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे तर मसुदे मार्च २०१४ पासून ३१ जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाले. मोठा गुंतवणूकदार सल्लागार नेमून या बदलांचा माग ठेवतो. मच्छीमाराला मात्र आपले घर रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही कोणी सांगत नाही. १:४००० प्रमाणातील नकाशे गट क्रमांकांसह प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्यापुरते सांगायचे तर, अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या मानाने एकूण बांधकामाचे प्रमाण) न वाढवता करण्यास या नियमांत जागा आहे. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना आहे त्या घरात, त्याचे रूप न बदलता, पर्यटकांची निवासाची सोय करण्यालाही वाव दिला आहे. अर्ज नेहमी लेखी करावा आणि पोच घ्यावी.

प्रश्न : साध्या दाखल्यासाठी अजूनही मुद्रांकावर शपथपत्र मागतात. देणे भाग आहे का?
— एक विद्यार्थिनी, श्रीवर्धन

उत्तर : राज्य शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने, कायद्याने शपथपत्र आवश्यक नसेल तिथे, स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचे ठरवले आहे. शपथपत्र मागितल्यास ते कोणत्या तरतुदीनुसार लागते, हे लेखी मागावे. दाखला अधिसूचित सेवांपैकी असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याची मुदत कार्यालयाच्या फलकावर असली पाहिजे, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवले पाहिजे. मुदत टळल्यास किंवा अर्ज नाकारल्यास ३० दिवसांच्या आत त्याच विभागातील प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, कारण अपिलात तोच लागतो.