जुन्या लेखनाचा नव्याने वापर: सुरुवात कुठून करावी?

बायबलमधील नंतरच्या पुस्तकांनी आधीच्या पुस्तकांतील मजकूर कसा वापरला, याचा अभ्यास कुठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे. आपण त्यातील यशया आणि रोमकरांस पत्र या पुस्तकांपासून सुरुवात केली आहे, असे प्रश्नावरून दिसते. ते तूर्त बाजूला ठेवावे. आरंभी एकच जोडी पुरे: २ शमुवेल या पुस्तकाचा २४ वा अध्याय आणि १ इतिहास या पुस्तकाचा २१ वा अध्याय. दोन्हीकडे दावीद राजा शिरगणती करतो, परंतु पहिल्या ठिकाणी त्याला परमेश्वराचा कोप प्रवृत्त करतो, तर नंतर लिहिलेल्या ‘इतिहास’ या पुस्तकात ती जागा सैतान घेतो. वेदीसाठी विकत घेतलेल्या खळ्याचा व्यवहारही पाहावा: शमुवेलात बैलांसह ५० शेकेल (जुने वजनी माप) रुपे, इतिहासात ६०० शेकेल सोने, आणि पुढे तीच मंदिराची जागा ठरते. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून काय तसेच उचलले, काय गाळले आणि काय बदलले, हे रंगीत पेन्सिलींनी खुणावावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

नवख्यांच्या हमखास चुका अशा:

- बदल दिसला की लबाडी ठरवणे. आधी त्यामागचे प्रयोजन शोधावे.
- उद्धृत ओळच वाचणे. मत्तय २:१५ मध्ये येशूला लावलेले होशेय ११:१ हे वचन मुळात मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएलाविषयी आहे, हे संपूर्ण अध्याय वाचल्यावरच कळते.
- प्रत्येक साम्याला उद्धरण मानणे.

कुमरानची भाष्ये (मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांतील) पुढे कधीतरी पाहता येतील. त्याआधी दानीएल ९ घ्यावे. तिथे यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली ७० वर्षे ७० ‘सप्तके’ (सातासातांचे गट) होतात.