बोल्ट चमकला आणि गुण गेले
जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरची १९६७ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू नवी करून घेतली. बोनेटखालचे सगळे नट-बोल्ट क्रोम केले, रंगावर क्लिअर कोट (चकाकीचा पारदर्शक थर) मारला, विजेचे काही सामान इंग्लंडहून मागवले. गाड्यांच्या स्पर्धेत नेमके या तिन्ही गोष्टींवर गुण कापले गेले. असे का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी आज दिसते का, हे परीक्षक बघतो. अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबची परीक्षा ४०० गुणांची असते. डीलरने गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना गाडी जशी तयार केली असती तशी ती हवी, ही तिथली कसोटी. त्याहून जास्त चकाकीला जादा गुण नाहीत. आपल्याकडचे जाणते परीक्षकही याच नजरेने बघतात.

तुमची गाडी उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची. तिचे मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीमध्ये आहे, म्हणून ती इंग्लिश गाडी होत नाही. १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस ही कंपनी सुरू झाली आणि गाड्यांचे विजेचे सामान इथे बनू लागले. काढून ठेवलेला जुना डायनामो, डिस्ट्रिब्युटर, सेल्फ भंगारात गेला नसेल तर तोच दुरुस्त करून बसवा. लुकासच्या सामानावर महिना-वर्षाचा ठसा असतो. तो गाडीच्या वयाशी जुळतो का, हे परीक्षक टॉर्च लावून वाचतो. ठसा बफने घासू नका, रंगाखाली बुजवू नका.

आता बोल्ट. त्या काळच्या बोल्टवर काळपट-राखाडी फॉस्फेटचा किंवा मंद रुपेरी कॅडमियम धातूचा थर असे, क्रोम नसे. तुमच्या गाडीवर काय होते ते गाडीच सांगेल. क्लिपखाली, वॉशरखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला हवा-पाणी पोचत नाही, तिथे मूळ थर टिकून राहतो. एकेक बोल्ट काढा, वॉशरसकट वेगळ्या पिशवीत घाला, पिशवीवर जागा लिहा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. कॅडमियम विषारी आहे. ते घासायचे नाही, तापवायचे नाही, नवे करून घ्यायचेही नाही. त्याऐवजी झिंक करा, पण निळसर झाक नको असे प्लेटिंगवाल्याला बजावून सांगा. ती झाक दुरूनही ओळखू येते.

स्टिअरिंग, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र प्लेटिंगला देऊच नका. आम्लात बुडवल्यावर आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो. टणक बोल्ट ठिसूळ होतो आणि कसल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनी, अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत सुमारे २०० अंशांवर काही तास ठेवले तर हायड्रोजन निघतो, पण खेड्यापाड्यात एवढी काळजी कोण घेणार? क्रोमलाही हाच धोका आहे. तुम्ही या जागांचे बोल्ट क्रोम केले असतील तर ते आजच काढा. इथे गुणांच्या आधी जिवाचा प्रश्न आहे.

आट्यांकडेही बघा. या गाडीचे आटे यूएनएफचे, म्हणजे इंची मापाचे बारीक. ५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर आणि आटे इंचाला २४. बाजारातला आठ एमएमचा नट त्यावर दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. जोर लावला की दोन्हींचे आटे जातात. त्या बोल्टच्या डोक्याला १/२ इंची पाना लागतो. १३ नंबरचा पाना थोडा सैल बसतो आणि कोपरे खातो. अशी गोल झालेली डोकी दिसली की मेकॅनिकने कोणता पाना लावला होता ते परीक्षकाला कळते.

रंगाचे म्हणाल तर तेव्हा क्लिअर कोट नव्हताच. मूळ छटा शोधायला दाराच्या बिजागरीजवळ रुपयाएवढी जागा ४००, मग ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हळू घासा. झाडाच्या खोडासारखी वलये उमटतात. प्राइमरला चिकटलेले सर्वांत आतले वलय कारखान्याचे. नवा रंग मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी मारू नका. थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो आणि अंग खरखरीत येते. सकाळी लवकर मारा, थिनर सावकाश उडणारा घ्या.

प्रश्न : उंदरांनी अ‍ॅम्बेसेडरचे वायरिंग कुरतडले. लोकल इलेक्ट्रिशियन सगळ्या तारा लाल-काळ्या टाकतो म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, वरुड

उत्तर : गाडी चालेल, पण पुढे बिघाड शोधताना डोके फिरेल आणि स्पर्धेत गुणही जातील. लुकासच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला अर्थ आहे. तपकिरी बॅटरीचा मूळ पुरवठा, पांढरा इग्निशन, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, जांभळा कायम चालू पण फ्यूजमधला. हेडलाइटला निळा, त्यावर पांढरी रेघ म्हणजे अपर, लाल रेघ म्हणजे डिपर. साइड लाइटला लाल, अर्थिंगला काळा. जुना लूम (तारांचा जुडगा) पाटावर पसरून खिळ्यांनी फांद्या आखा आणि त्यावरच नवा बांधा. गुंडाळायला चिकट नसलेली पीव्हीसी पट्टी घ्या. साधी इन्सुलेशन टेप आपल्या उन्हाळ्यात वितळून चिकचिकते. बॅटरीचे मूळ अर्थिंग पॉझिटिव्ह असेल तर तेच ठेवा.

आणि पऱ्हाटीचा ढीग, कुटार गाडीपासून लांब हलवा. उंदीर तिथूनच येतात.

प्रश्न : महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप गोठ्याला लागून उभी असते. रेडिएटरची वरची पितळी टाकी दर आठवड्याला पॉलिश करतो, तरी हिरवी पडते. आता शिवणीजवळ केसासारख्या चिरा दिसतात.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : गोमूत्रातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी ओल एकत्र आली की ताणाखाली असलेले पितळ चिरते. इंग्रजांच्या काळात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. दुमडलेल्या, ठोकून वाकवलेल्या पत्र्यात हा ताण उरलेला असतो, म्हणून चिरा शिवणीजवळ पडतात. त्यातून बऱ्याच पितळ-पॉलिशमध्ये अमोनियाच असतो. तुम्ही दुखणेच लावताय, औषध समजून!

पॉलिश आजपासून बंद. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते फडक्याने दहा मिनिटे लावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. चिरांवर नुसते कथलाचे डाग (सोल्डर) देऊन भागत नाही, कारण चीर डागाखालून पुढे सरकते. टाकीचा पत्रा बदलून घ्या. मग काळ्या रंगाचा एकच पातळ हात द्या. जाड थराने उष्णता अडते. कारखान्यातूनही रेडिएटर काळाच येत असे, पिवळे चकाकणारे पितळ या जीपला मुळात नव्हतेच. गाडीची जागा बदला. ते जमत नसेल तर मधे भिंत घाला आणि गोठ्याची मोरी दुसऱ्या बाजूला काढा.

प्रश्न : व्हिंटेज नंबर कोणाला मिळतो?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, व्यवसायासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल तर. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००, मुदत दहा वर्षे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. ही गाडी रोज बाजारहाटाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. अर्जाआधी आरसी बुकातले इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या ठशांशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ठशावर पेन्सिल घासून कागदावर उठवलेली छाप सोबत ठेवा.